हत्यारं पूजेला, गाडी दारात

रविवारी सकाळी सात वाजता नाशकात द्वारका चौकाजवळच्या माझ्या गॅरेजसमोर पाच-सहा बाप्ये बर्म्युडा घालून, हातात चहाचे कागदी कप घेऊन उभे असत. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटायचं, इथं पाण्याचा टँकर येणार असेल. त्यात एक बँकेतले साहेब, एक शाळेचे हेडमास्तर, एक औषधं विकत जिल्हाभर फिरणारे. सगळे मुलाबाळांचे बाप आणि सगळ्यांची एकच रड, वेळ नाही. हे लोक माझ्याकडे स्वतःची गाडी स्वतः सांभाळायला शिकायला यायचे. आणि ज्याचं पोट यांच्या अडाणीपणावर चालत होतं तो मी, त्यांना मन लावून शिकवायचो. आमच्या लाइनीतल्या दोघा-तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "वसंतराव, बरं वाटत नाही का?"

चौतीस वर्षं गॅरेज चालवलं. शेवटची सहा वर्षं ही रविवारची शाळा भरत होती. गेल्या वर्षी गुडघ्यांनी ऐकायचं सोडलं आणि मी शटर ओढलं. दिवाळी अंकासाठी आठवणी लिहा म्हणाले तेव्हा म्हटलं, मोठमोठी इंजिनं उतरवल्याच्या गोष्टी कुणीही सांगेल. मला या बापांबद्दलच लिहायला आवडेल.

शाळेचा पहिला नियम होता की पहिल्या रविवारी कशालाही हात लावायचा नाही, नुसतं बॉनेट उघडून बघायचं. हे सोपं वाटतं. पहिल्याच दिवशी निम्म्या लोकांनी बॉनेटच्या ऐवजी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडलं. हेडमास्तरांनी डिकी उघडली आणि तिथं इंजिन नाही म्हणून माझ्याकडे संशयानं पाहिलं. सात वर्षं ती गाडी चालवत होते बिचारे.

पुढच्या रविवारपासून खरे धडे. चाकाची हवा सकाळी, गाडी चालवायच्या आधी, टायर थंड असताना बघायची. ऑइल बघताना गाडी सपाट जागी उभी करायची, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मग पट्टी ओढायची, पुसायची, परत घालायची आणि परत ओढायची. पट्टीवर दोन खुणा असतात. ऑइल त्या दोघींच्या मध्ये पाहिजे. एवढंच. कामात असलेल्या माणसालासुद्धा आठवड्यातून दहा मिनिटं पुरतात.

बँकेतल्या साहेबांना हे सगळं तोंडपाठ झालं. पण पुढच्या रविवारी ते आले ते पांढरट निळा धूर सोडत. मागून येणारा रिक्षावाला खोकत होता. पट्टी ओढून पाहिली तर ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर. पाहुण्याच्या ताटात तूप वाढतात तसं त्यांनी इंजिनात ऑइल वाढलं होतं.

"थोडं जास्त असलेलं बरं, असं वाटलं," ते म्हणाले.

"जास्त चालत नाही, साहेब."

"मग कमी?"

"कमी तर मुळीच नाही."

"म्हणजे आमच्या रीजनल मॅनेजरसारखंच आहे हे," ते म्हणाले, आणि खाली बसून जादा ऑइल स्वतःच्या हातानं काढलं. त्यांच्या सोसायटीत पार्किंगमध्ये एवढा धूर झाला होता म्हणे की वरच्या मजल्यावरच्या बाई बादली घेऊन खाली आल्या होत्या.

औषधवाल्यांची गोष्ट वेगळी. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाडी धुणं हा आपल्याकडे सोहळाच असतो. बाप नळी धरतो, पोरं साबण लावतात, आई गॅलरीतून चुका काढते. त्यात नळीचं तोंड सीटखाली गेलं की पाणी एअर फिल्टरमध्ये शिरतं, प्लगच्या टोपीत शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी हार घातलेली स्कूटर ढकलत आणावी लागते. औषधवाल्यांनी त्याच्याही पुढची मजल मारली होती. बॅटरीच्या दोन्ही टोकांवर हळदकुंकू, अक्षता आणि वर तेलाचं बोट. म्हणाले, "बॅटरी हेच गाडीचं काळीज, तिलाच कुंकू नको?" मी म्हटलं, लावा, पण टायरला लावा, तो नाही म्हणणार नाही. मग त्यांनी ब्रश घेऊन तासभर ती टोकं घासली.

असे हे माझे विद्यार्थी. पण ही शाळा सुरू कशी झाली ते सांगायला हवं. ती सुरू झाली एका दसऱ्याला, आणि त्या दिवशी मी एकाही हत्याराला हात लावला नव्हता.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं मांडतात. पाने, पक्कडी, स्क्रू ड्रायव्हर, हातोड्या, जॅक, सगळं रॉकेलनं धुऊन, पुसून, पाटावर लाल कपडा घालून ठेवायचं. झेंडूची फुलं, हळदकुंकू, नारळ. एकदा मांडली की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत उचलायची नाहीत. वर्षभर राबतात, दीड दिवस त्यांना सुट्टी. ज्या उस्तादांकडे मी काम शिकलो ते पाच वेळा नमाज पढणारे, पण खंडेनवमीला हत्यारं घासायला आम्हाला तेच बसवायचे. तोवरच्या अठ्ठावीस वर्षांत मी हा नियम मोडला नव्हता. माझी बायको शोभा तर इतकी कडक की घरातली विळी आणि सुरीसुद्धा पूजेत ठेवायची. दसऱ्याच्या दुपारी आमच्याकडे भाजी हातानं तोडलेली असते.

त्या दुपारी सव्वाबाराला मी गॅरेजमध्ये निवांत बसलो होतो. शोभा नैवेद्य घेऊन आली होती. एवढ्यात रस्त्यावरून एक गाडी छनछन, छनछन वाजत आली. मी न बघताच म्हटलं, "सस्पेन्शन गेलं." कान अजून शाबूत आहेत याचा मला जरा अभिमान वाटला. गाडी दारात येऊन थांबली, बॉनेटखालून वाफेचा लोट निघाला आणि दत्तू आहेर खाली उतरला.

दत्तू मूळचा चांदवडजवळच्या एका गावचा. राहायला नाशकात, नोकरी पिंपळगाव बसवंतला द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझरची. दसऱ्याच्या सुमाराला द्राक्षबागांची छाटणी चालू असते, त्यामुळे तो दिवसभर या बागेतून त्या बागेत. गाडी माझ्याकडे टाकायचा तीही पळतच. "काका, बघून घ्या, मला वेळ नाय," असं म्हणून किल्ली टेबलावर फेकायचा आणि मी तोंड उघडेपर्यंत रस्ता ओलांडून गेलेला असायचा.

"काका, काटा पार वर गेला," तो म्हणाला. "मला चारच्या आत गावाला पोचायचंय."

"एसटीनं जा. गाडी राहू दे इथं."

त्यानं डिकी उघडली. आत दोन मोठी पोती होती आणि पोत्यात वीस लेझिमा. गावाच्या दसऱ्याच्या मिरवणुकीत शाळेच्या मुली पहिल्यांदाच लेझीम खेळणार होत्या. शाळेतल्या जुन्या लेझिमा गंजलेल्या, म्हणून नव्या बांधून घ्यायचं काम दत्तूनं अंगावर घेतलेलं. त्या मुलींत त्याची साक्षी होती, पाचवीतली. तिची शाळा नाशकातली, पण बायको आणि मुलगी घटस्थापनेपासूनच गावी होत्या आणि तिथल्या मुलींत तीही सामील झाली होती. माझं सस्पेन्शनचं निदान तिथंच संपलं.

"वाटेत गाडी कडेला लावून दोन एसटींना हात केला. पाय ठेवायला जागा नाय, ही पोती कोण घेतंय?" तो म्हणाला. "गॅदरिंगला गेलो नाय, खेळाच्या दिवसाला गेलो नाय. या बारीला ती म्हणली, पप्पा, तुम्ही नाही आले तरी चालंल, लेझिमा कुणाबरोबर तरी पाठवा." एवढं बोलून तो पोत्यांकडे बघत राहिला.

मी पाटाकडे पाहिलं. हत्यारं फुलांत बसली होती. शोभा माझ्याकडे बघत होती. आजूबाजूचं एकही गॅरेज उघडं नव्हतं.

"दत्तू," मी म्हटलं, "मला आज हात लावता येत नाही. पण तोंड बांधलेलं नाही. मी सांगतो, तू कर."

"मी? काका, मला स्टेपनी बदलता येत नाय."

"ते आज लागणारही नाही."

त्यानं घाईघाईनं बॉनेट वर केलं आणि सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. मी इतक्या जोरात ओरडलो की समोरच्या झाडावरचे कावळे उडाले. तापलेल्या रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. आत उकळतं पाणी दाबून बसलेलं असतं, ते थेट तोंडावर येतं. या धंद्यात मी भाजलेले चेहरे पाहिले आहेत. अशा वेळी एकच काम करायचं, थांबायचं. अर्धा-पाऊण तास काहीही न करता थांबायचं. दत्तूसारख्या माणसाला याहून मोठी शिक्षा नव्हती. तो गॅरेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत होता आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता.

तेवढ्या वेळात मी त्याला पुढची जाळी मोकळी करायला लावली. जाळीवर झेंडूचा असा जाडजूड हार होता की हवा आत जायला जागाच नव्हती. हार काढून त्यानं आरशाला बांधला. मग वाफ ओसरल्यावर मी लांबून वाकून पाहिलं. रेडिएटरला वरून येणारा रबरी पाइप क्लिपेजवळ फाटला होता, दीडेक इंच.

आणि मला ओशाळल्यासारखं झालं. कारण तो पाइप मी श्रावणात पाहिला होता. दाबल्यावर मऊ लागला होता, टोकाला फुगला होता. त्या दिवशी अजून चार गाड्या उभ्या होत्या, मालक डोक्यावर बसले होते. चालेल अजून महिना-दोन महिने, असं म्हणून मी बॉनेट लावलं होतं आणि दत्तूला काही बोललो नव्हतो. हे मी त्याला सांगितलं. सांगताना त्याच्या तोंडाकडे बघवेना.

त्यानं वाकून तो फाटलेला पाइप बघितला. मग बाह्या वर करत म्हणाला, "बरं. आता तरी नीट सांगा."

डिकीतली पोती उतरवून, गालिचा उचलून त्यानं गाडीबरोबर आलेली हत्यारांची पिशवी काढली. आठ वर्षांत तिचं प्लास्टिकसुद्धा फाटलं नव्हतं. आत एक स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड, दोन पाने. त्याला मी काम समजावलं. क्लिपेचा स्क्रू सैल करायचा, पाइप पिळून बाहेर ओढायचा, फाटलेला तुकडा कापून टाकायचा, उरलेला पाइप परत चढवायचा, क्लिप आवळायची. पाइप दीड इंचानं आखूड झाला तरी पोचतो, जरा ओढून धरावा लागतो इतकंच.

क्लिप गंजलेली होती. दत्तूनं सगळा जोर लावला आणि स्क्रू ड्रायव्हर घसरून स्क्रूची खाच गुळगुळीत झाली. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. बोटाचं सालटं निघालं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानं बॉनेटच्या कडेवर कपाळ टेकवलं. म्हणाला, "मुली रिकाम्या हातानं उभ्या असतील ओ, काका."

माझ्याच्यानं बघवेना. मी पाटापाशी गेलो. माझा लांब दांड्याचा पाना समोरच होता, त्यावर कुंकवाचं बोट. दोन मिनिटांचं काम होतं माझ्या हातचं. मी शोभाकडे पाहिलं. जिनं पूजेतली सुरी कधी उचलू दिली नाही, ती म्हणाली, "उचला. देवीला मी सांगते काय ते."

मी हात पुढे केला आणि मागून दत्तूचा आवाज आला.

"नको, काका."

तो सरळ उभा राहिला होता. बोटातून रक्त येत होतं. "तुमचं व्रत माझ्यासाठी मोडू नका. आणि मला बी एकदा तिला सांगू द्या की मी केलं. दुसरं काय करता येतं का, ते सांगा."

मग माझं डोकं चाललं. त्या क्लिपेच्या स्क्रूचं डोकं बाहेरून सहा कोनी असतं. खाच गेली तरी कोन शाबूत असतात. म्हटलं, पक्कड घे, डोकं बाजूनं घट्ट पकड आणि मनगटानं नाही, खांद्यापासून फिरव. दोनदा सुटलं. तिसऱ्यांदा करकर आवाज आला आणि स्क्रू हलला. दत्तूनं माझ्याकडे असं पाहिलं की मीच पास झाल्यासारखं मला वाटलं.

आता पाइप कापायचा कशानं? माझ्या सुऱ्या पूजेत, शोभाची सुरी पूजेत. दत्तूनं कपाळावर हात मारला आणि गाडीच्या दाराच्या खणातून द्राक्षं छाटायची कात्री काढली.

"ही पूजेला मांडायची राहूनच गेली," तो म्हणाला. शोभानं त्या कात्रीकडे एकदा पाहिलं आणि ती कळशी भरायला गेली.

छाटणीची कात्री बोटभर फांदी कापते, तिला रबर म्हणजे काय. त्यानं फाटलेला तुकडा कडेनं फिरवत सरळ कापला, अगदी फांदीचा डोळा धरून छाटल्यासारखा. पाइपच्या आत ओलं बोट फिरवून तो चढवला, क्लिप आवळली. मी विचारलं, अजून आवळतोस? तो म्हणाला, नको, जास्त झालं तर फाटंल. हे त्याला मी सांगितलं नव्हतं. मग शोभानं आणलेल्या कळशीतलं पाणी हळूहळू ओतलं, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं, बुडबुडे निघू दिले, परत पाणी भरलं, झाकण लावलं. पाच मिनिटं दोघं त्या पाइपकडे टक लावून बसलो. थेंब नाही.

"साठच्या वर जाऊ नकोस. काट्यावर लक्ष ठेव. निम्म्याच्या वर चढला तर कडेला घे आणि थांब. उद्या येऊन नवीन पाइप टाकायचा."

"टाकायला तुम्ही नाय. मीच टाकणार," तो म्हणाला. हात धुवायलाही थांबला नाही. पावणेदोनला गाडी छनछन करत निघून गेली.

त्यानंतरचे अडीच तास माझे कसे गेले ते मलाच माहीत. पाइप धरेल ना, क्लिप सुटणार तर नाही ना. दुसऱ्याच्या हातून झालेलं काम, त्यातही शिकाऊ हात. जेवणावर लक्ष नव्हतं. स्वतः केलेल्या कामाची मला कधी एवढी धास्ती वाटली नव्हती.

चार वाजून वीस मिनिटांनी फोन वाजला. दत्तूचा. त्यानं फोन नुसता वर धरला असावा, कारण पलीकडून हलगी ऐकू येत होती आणि तिच्यावर एका तालात पडणाऱ्या वीस लेझिमा. मी स्पीकर लावला. शोभाही येऊन बसली. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "काका, पोचलो. पहिल्या रांगेत हाय ती. हात लय काळे झालेत, फोटो काढायला पोरगी नको म्हणती, फोन खराब होईल म्हणून. आता ठेवतो, मला नुसतं बघायचंय."

माझा जीव भांड्यात पडला. मी हसत होतो आणि शोभा हसत नव्हती. ती सहज, काही न टोचता म्हणाली, "आपल्या वैशूच्या गॅदरिंगला तुम्ही एकदाही आला नाहीत, नाही का? दर वेळी कुणाची ना कुणाची गाडी."

वैशाली आमची एकुलती एक, पुण्याला दिलेली. खोटं कशाला सांगू, मला आठवेना. तिचा एकही नाच आठवेना. त्या दिवशी कुणाची क्लच प्लेट बदलली ते सांगता आलं असतं. दुसऱ्यांच्या बापांना मी वेळेवर पोचवत राहिलो आणि घरातल्या बापाची गाडी कधी लायनीत घेतलीच नाही, याचं त्या संध्याकाळी फार वाईट वाटलं.

मी तिला फोन लावला. हॅलो म्हणायच्या आधीच ती म्हणाली, "बाबा, गाडी परवाच दाखवली. ऑइल बदललं, ब्रेकचं पण पाहिलं."

"गाडीसाठी नाही केला."

"मग?"

"शाळेत तू नाच केला होतास, तो कुठला गं?"

ती म्हणाली, "कुठल्या वर्षीचा, बाबा? सहा केले होते."

सहाही नाच तिनं एकेक करून सांगितले आणि मी ऐकत बसलो. फोन ठेवताना म्हणाली, पुढच्या शनिवारी ओवीच्या शाळेत कार्यक्रम आहे, घरच्या सगळ्यांना बोलावलंय, तुमचं जमणार नाही, माहितेय मला. ओवी म्हणजे माझी नात.

दत्तू दुसऱ्या दिवशी आला, नवीन पाइप त्यानंच बसवला आणि पुढच्या रविवारी शेजारच्या फ्लॅटमधल्या दोन बापांना घेऊन आला. त्या शाळेचं सगळं श्रेय त्याचं.

पण त्याआधीच्या शनिवारी मी गॅरेज बंद ठेवून पुण्याला गेलो. दारात माझी चांगली गाडी उभी होती, तरी मी एसटीनं गेलो. शोभानं विचारलं, हे काय नवीन? मी तिला खरं ते सांगितलं. स्वतःच्या गाडीनं निघालो असतो तर संगमनेरच्या आधीच रस्त्याच्या कडेला कुणीतरी हात केला असता, आणि मी थांबलो असतो.